वरचे 20 ठेवा, काकू

काल नवरात्राची अष्टमी. रात्री 1 वाजून 40 मिनिटांनी माझ्या दारात उभं राहून, गरब्याच्या घामाने थबथबलेल्या केडियूत, म्हणजे त्या घेरदार अंगरख्यात, तो माणूस मला म्हणाला, "480 होतात ना? 500 पाठवलेत. वरचे 20 ठेवा, काकू."

वरचे 20! बक्षीस देतोय मला!

ठरलं होतं ते सांगते. नवराबायको गरब्याला गेले की त्यांचं मूल मी माझ्या घरी सांभाळायचं. 2 वर्षांचा मुलगा, 8 ते 12, तासाला 120. बाराच्या पुढे दुप्पट. तोंडी नाही, व्हॉट्सअ‍ॅपवर लिहून पाठवलं होतं आणि त्याने वर अंगठा दाखवला होता. आठला दार उघडते तर सोबत बहिणीची 5 वर्षांची मुलगी. "ही पण राहील, दोघं खेळतील." मी तिथल्या तिथे सांगितलं, दुसऱ्या मुलाचे निम्मे पैसे. "हो हो, बघू," म्हणत जिना उतरलासुद्धा. तेव्हाच त्या "बघू"वर अडवायला हवं होतं. पण मुलगी चप्पल काढून आत आली होती, तिच्यासमोर पैशांवरून काय वाद घालायचा?

लाउडस्पीकरला सरकारी सूट 12 पर्यंतची. बडोद्यात आमच्या दांडिया बाजारात गॅलरीत उभं राहिलं की मैदानावरचा आवाज कधी थांबला ते कळतं. थांबला. साडेबाराला बाळ उठलं, आई आई करून रडलं आणि माझ्या गादीवर ओकलं. त्याला धुतलं, कपडे बदलले, खांद्यावर घेऊन फेऱ्या घातल्या. त्याच्या रडण्याने ती पोरगी उठली, तिलाही आई हवी. तीन फोन केले, एकही उचलला नाही. आणि आल्यावर बायको हसत सांगते, "सेव-उसळ खायला थांबलो, केवढी गर्दी होती!" इकडे पोर ओकतंय आणि तिकडे तर्री वाढून घेताहेत!

हिशेब मांडून दाखवला. 12 पर्यंत 480, पुढच्या 1 तास 40 मिनिटांचे दुप्पटीने 400, मुलीचे निम्म्याने 440. एकूण 1320. तर म्हणे, "पण तो तर झोपला होता ना? झोपलेल्या मुलाचे कसले पैसे?"

अहो, मग न्यायचा होता झोपवून मैदानात! झोपलेलं मूल म्हणजे कोपऱ्यात ठेवलेली पिशवी आहे का? ते कुशीवर वळलं तरी मी उठून बघते. ताप तर नाही ना, म्हणून कपाळाला हात लावते. 11 वर्षं मुलं सांभाळते आहे, एकाही रात्री मूल घरी जाईपर्यंत माझा डोळा लागलेला नाही.

दुप्पट हे काही माझ्या मनाचं नाही. कारखान्यात जादा तासाला दुप्पट मजुरी, हा नियम 1948 पासूनचा. माझे वडील मिलमध्ये होते, ओव्हरटाइमचा आकडा बोटावर मोजून घरी सांगायचे. त्यांना कोणी "मशीन तर बंदच होती ना" असं म्हटलेलं मी ऐकलं नाही. मी घरात बसून काम करते म्हणून माझा तास फुकट?

सीझन पास घेताना यांची घासाघीस नाही. नऊ रात्रींचे नऊ चणियाचोळी, त्यात नाही. रात्रीचा रिक्षावाला मागेल ते निमूट देतात. काकूंकडे आले की मात्र "काही तरी कमी करा, घरच्यासारखंच आहे." घरच्यासारखंच हा शब्द मला आता ऐकवत नाही. मागच्या दिवाळीत एकीने याच शब्दावर चार दिवसांचे पैसे बुडवले आणि वर चिवड्याचा डबा दिला. दुसरी रोज संध्याकाळी सहाचे सात करते, कारण तिच्या ऑफिसात पाळणाघर नाही. 50 किंवा जास्त माणसं असलेल्या ऑफिसला ते ठेवावंच लागतं, 2017 पासून कायदा आहे. तिच्याकडे दीडशे जण आहेत. साहेबाकडे मागायला तिची जीभ रेटत नाही, माझा तास खाताना बरी रेटते!

वरच्या मजल्यावरच्या बेन म्हणाल्या, "जवा दो ने, आठम छे." का जाऊ देऊ? अष्टमी मलाही होती. देवीपुढे दिवा लावून मी तिची ओटीसुद्धा भरू शकले नाही, दोन्ही हातांत दुसऱ्यांची मुलं होती.

आज दुपारी त्याचा मेसेज, "काकू, आज पण 8 ला आणतो." मी लिहिलं, "आधी कालचे राहिलेले 820 पाठवा."

दोन निळ्या टिका दिसताहेत. साडेसात झाले. पैसे आलेले नाहीत. खालच्या दाराला मी आतून कडी घातली आहे.