यक्षिणी चालते, मग ठेचा का नाही? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार.

तुमची प्रतिक्रिया रागातली आहे, पण त्यातले प्रश्न खरे आहेत, म्हणून सविस्तर लिहिते. ज्यांनी ती वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात: देवगिरीवर बेतलेल्या आमच्या मराठी रोलप्ले गिल्डसाठी, म्हणजे एकेक पात्र घेऊन चॅनलवर लिहीत कथा खेळणाऱ्या आमच्या गटासाठी, तुम्ही एका सिद्धपुरुषाचं पात्र पाठवलं होतं. तीनशे वर्षं जगलेला, मूठभर धान्याची मंत्राने रास करणारा, भाकरी-ठेच्यावर राहणारा. फॉर्म दोन खुणा होऊन परत आला. रास नको आणि ठेचा नको. तुमचं म्हणणं असं की बारवेतली यक्षिणी चालते आणि हिरवी मिरची चालत नाही, हा कुठला न्याय? खऱ्या काळाचा एवढा आग्रह असेल तर मग जातीवरून बोलायला बंदी का? नियमावली म्हणजे मास्तरकी, ॲडमिन आपल्या माणसांना झुकतं माप देतात, आणि अशाने नवीन पोरं पळून जातात.

मिरचीपासून सुरू करते. मिरची मूळची अमेरिका खंडातली. वास्को द गामा १४९८ मध्ये कालिकतला पोचला आणि पुढे पोर्तुगीजांच्या व्यापारातून ती आपल्याकडे आली. आमची कथा १२९६ ची. पण केवळ सनावळीसाठी ठेचा अडवलेला नाही. इतिहासाचा पेपर तपासून घ्यायला कोणी गिल्डमध्ये येत नाही. आमच्याकडे लातूरचा एक खेळाडू मिऱ्यांचा व्यापारी खेळतो. त्या काळी तिखटपणा मिऱ्यांचा आणि पिंपळीचा. मिरे मलबारातून यायचे, लांबचा पल्ला, वाटेत जकात, वाटेत लुटारू, म्हणून महाग. त्याची सगळी गोष्ट त्या महागाईवर उभी आहे: सावकाराचं कर्ज, लेकीचं ठरलेलं लग्न, मिऱ्यांची पुडी देऊन जोडलेली गडावरची ओळख. हीच मिरची घरोघरी परसात लागली की त्याच्या गोण्यांना विचारणार कोण? तुम्ही सहज लिहिलेल्या एका ओळीत त्याचं दिवाळं निघतं. तुम्ही त्याचे सीन वाचलेले नव्हते, तेव्हा तुम्हाला हे दिसणं शक्यच नव्हतं. लोरच्या, म्हणजे आमच्या कथेच्या जगात काय असतं आणि काय नाही हे ठरवणाऱ्या, कागदात ते लिहून ठेवलंय ते याचसाठी.

रास करण्याचा मंत्र तर त्याहून जड जातो. अल्लाउद्दीन खिलजी देवगिरीवर चालून आला, रामदेवराव किल्ल्यात गेला, आणि धान्याची म्हणून वर नेलेली पोती मिठाची निघाली, ही हकिकत मराठवाड्यात अनेकांनी शाळेत किंवा किल्ल्यावरच्या गाइडकडून ऐकलेली असते. आमच्या वेढ्याचा सगळा खेळ त्या पोत्यांवर आहे. परभणीची एक ताई कोठीवरची राखणदार खेळते. तिने लिहिलेली पोस्ट चार ओळींची होती. दिवा खाली ठेवला. सुरी गोणीत खुपसली. पांढरं सांडलं. बोट जिभेला लावलं. पुढे तिने ही गोष्ट कोणालाच सांगितली नाही. चॅनलवर वाचणाऱ्या आम्हा सगळ्यांना माहीत होतं, पण एकाही पात्राला माहीत नव्हतं, आणि कोणीही ते माहीत असल्यासारखं वागलं नाही. पहारेकरी खेळणारा मुलगा रोज तिच्याकडे दोन पायली ज्वारी मागायला यायचा आणि ती रोज नवीन कारण द्यायची. काय लिहायची ती! मेटागेमिंग करायचं नाही, म्हणजे खेळाडूला माहीत असलेलं पात्राने वापरायचं नाही, हा नियम सगळ्यांनी पाळल्यावर खेळ किती चढतो ते मी तेव्हा पाहिलं.

आणि मग एका नव्या खेळाडूची पोस्ट आली: माझ्या गुरूंनी मंत्र म्हटला आणि मिठाचे गहू झाले.

एकच ओळ. ताईने जपलेलं गुपित गेलं, पहारेकऱ्याची भूक गेली, वेढाच गेला. त्या मुलाच्या मनात वाईट काहीच नव्हतं, त्याला मदतच करायची होती. आम्ही ती पोस्ट त्याच्याशी बोलून मागे घेतली आणि लोरमध्ये ओळ घातली की कोणत्याही विद्येने अन्न उत्पन्न होत नाही. तुमच्या फॉर्मवरची खूण त्या ओळीची आहे.

आता यक्षिणी. ती बारवेच्या पाण्याबाहेर येऊ शकत नाही. पाणी भरायला आलेल्यालाच उत्तर देते. आणि प्रत्येक उत्तरापोटी विचारणाऱ्याची एक आठवण कायमची घेते. हे तिन्ही कागदावर आहे, त्यामुळे पायऱ्या उतरणाऱ्या प्रत्येक पात्राला काय मोजावं लागणार ते खेळाडूला आधीच कळतं. जादू किती मोठी यावर आमची हरकत कधीच नसते. तिची हद्द सगळ्यांना आधी ठाऊक हवी आणि तिने दुसऱ्याच्या हातातलं काही परस्पर काढून घेऊ नये, एवढंच आम्ही बघतो. गॉडमोडिंग, म्हणजे दुसऱ्याच्या पात्राचं काय झालं ते आपणच ठरवणं, नको हा नियमही त्यातलाच. तलवार उगारली हे तुम्ही लिहायचं, घाव लागला की हुकला हे ज्याच्यावर उगारली त्याने.

जातीबद्दल तुम्ही एका वाक्यात लिहिलंत, पण मला त्यावर थांबायचंय. तेराव्या शतकात जातिभेद होता आणि आमच्या कथेत तो आहे. पाणवठ्यावर कोणाला पाय ठेवू देत नाहीत, देवळाच्या बाहेरून कोण परततं, हे आमच्याकडे लिहिलं गेलंय आणि चांगलं लिहिलं गेलंय. बंदी आहे ती जातीचं नाव घेऊन समोरच्या पात्राला शिवी देण्यावर. पात्र १२९६ चं असलं तरी पलीकडे मोबाईल हातात धरलेला माणूस आजचा आहे. १९७८ मध्ये नामांतराच्या वादात याच मराठवाड्यात दलितांची घरं जळाली. त्या घरांतली नातवंडं आज आमच्यात खेळत असतील, आणि कोण कुठल्या घरातलं हे मी विचारत नाही, विचारणारही नाही. रंगत वाढवायला म्हणून त्यांनी ती शिवी रात्री अकरा वाजता स्वतःच्या स्क्रीनवर वाचावी, हे मला मंजूर नाही. या नियमावर चर्चा होईल, पण तो हलणार नाही. खऱ्या संतांना आणि महापुरुषांना पात्र म्हणून खेळायचं नाही, हा नियमही मी तितकाच पक्का धरते.

मास्तरकीबद्दल. डन्जन्स अँड ड्रॅगन्स हा पात्रं घेऊन खेळायचा खेळ १९७४ मध्ये आला तेव्हापासून टेबलावरच्या खेळात निवाडा करणारा माणूस समोर बसलेला असतो. कोणी अशक्य काही बोललं की तो तिथेच थांबवतो आणि दोन मिनिटांत गाडी पुढे जाते. आमच्याकडे एक जण उदगीरहून लिहितो, दुसरी पुण्याच्या होस्टेलवरून, तिसरा दुकान बंद करून घरी पोचल्यावर. त्या वेळी निवाड्याला कोणी जागं असेलच असं नाही. ते काम कागदाला करावं लागतं.

झुकत्या मापाचा आरोप मी हलक्यात घेत नाही, कारण ज्या गिल्डमध्ये नियम ॲडमिनच्या डोक्यात असतात तिथे असंच होतं. म्हणून आमच्याकडे नकार द्यायचा तर लोरमधली ओळ दाखवावी लागते. ओळ नसेल तर नकार नाही, पात्र आवडो न आवडो. माझं स्वतःचं पात्रही दुसरे दोघं तपासतात. आणि नवी ओळ पुढच्या पात्रांना लागते, आधीच्यांना नाही. तुम्ही म्हणता कंपन्यासुद्धा आपला लोर बदलतात, मग आपणच का धरून बसायचं. बरोबर, बदलतात. वॉरक्राफ्ट या संगणकावरच्या खेळात आधी एरेडार नावाच्या जमातीमुळे सार्गेरास हा देवासारखा योद्धा बिघडला अशी कथा होती; २००७ च्या बर्निंग क्रूसेड या पुढच्या भागाच्या वेळी ती उलटली आणि सार्गेरासनेच एरेडारांना बिघडवलं असं झालं. जुन्या कथेवर ज्यांनी पात्रं रचली होती त्यांच्या पायाखालची जमीन सरकली. तसं आमच्याकडे कोणाचं होऊ नये, म्हणून प्रत्येक ओळीपुढे तारीख आहे.

नवीन पोरांचं म्हणाल तर वाटसरूचं पात्र घेऊन कोणीही आजच येऊ शकतं, फॉर्म लागत नाही, एक पान वाचलं की पुरे. सीन चालू असताना लाईट गेली तर ते पात्र जागच्या जागी थांबतं, त्याला कोणी मारत नाही. सोयाबीनच्या राशी चालू असताना महिनाभर आला नाही म्हणून कोणाचं नाव कापलं जात नाही. हेही नियमच आहेत, आणि लोक त्यांच्या जिवावर टिकतात.

राहिला तुमचा सिद्धपुरुष. तीनशे वर्षांचं वय आम्हाला चालतं, त्यावर खूण नव्हती. माझी सूचना अशी: त्याला स्वतःला भूक लागत नाही, पण दुसऱ्याला तो घासभरही देऊ शकत नाही, असं करून बघा. वेढ्यातल्या किल्ल्यात, मिठाच्या पोत्यांशेजारी, उपाशी माणसांच्या मध्ये बसलेला असा माणूस मला वाचायचाय. भाकरीबरोबर तीळ-मिऱ्यांची चटणी द्या. कधीतरी हौस म्हणून खाईल. आमच्या व्यापाऱ्याचं एक गिऱ्हाईक वाढेल. शनिवारी रात्री दहाला कोठीचा सीन आहे. परभणीच्या ताईला विचारलंय, तुमचं पात्र तिथे आलं तर तिची हरकत नाही. शुक्रवारपर्यंत फॉर्म पाठवलात तर दोघांना वाचायला वेळ मिळेल.