आरएक्स १०० चा क्लच पुन्हा घसरला, या रिव्ह्यूला आमचं उत्तर

नमस्कार भाऊ,

तुमचा रिव्ह्यू सगळ्यांनी वाचलाय, म्हणून उत्तरही इथेच देतो. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: डर्टसाठी, म्हणजे मातीच्या वाटांवर पळवायला बनवलेली यामाहाची आरएक्स १०० आमच्या गॅरेजमध्ये चार दिवस पडून होती, नव्या क्लच प्लेटा टाकल्या, तरी बाराव्या दिवशी क्लच पुन्हा घसरायला लागला, म्हणजे इंजिनचा जोर चाकापर्यंत पुरता पोचेना. दुसऱ्या मेकॅनिकने दहा मिनिटांत तार ढिली करून गाडी नीट केली. म्हणजे प्लेटा बदलायची गरजच नव्हती, आणि 'बास्केट (प्लेटा बसतात तो डबा) गेली' म्हणून आम्ही उगाच घाबरवलं.

तारेचं तुमचं बरोबर आहे, ती चूक आमची. प्लेटा आणि बास्केटचं मात्र पटत नाही.

आधी तार. या इंजिनात क्लच दाबला की पुश रॉड (एक सळई) गिअरबॉक्सच्या मेन शाफ्टच्या पोकळीतून उजवीकडे सरकतो आणि स्प्रिंगच्या जोराने प्लेटा दाबून धरणारी प्रेशर प्लेट उचलतो. प्लेटा जाड असतात तोवर प्रेशर प्लेट बाहेरच्या बाजूला उभी असते. प्लेटा दबल्या किंवा झिजल्या की ती आत येते, रॉडला टेकते आणि हँडलवरच्या लिव्हरचा खेळ, म्हणजे तार ओढली जाण्याआधीची मोकळी हालचाल, संपतो. खेळ संपला की स्प्रिंगचा थोडा जोर तारेवर जातो, प्लेटांवर पूर्ण पडत नाही. लिव्हरला बोटही न लावता क्लच जरासा दाबलेलाच राहतो. 'क्लच घसरतो, तार ताणून द्या' असं म्हणत रोज कोणी ना कोणी येतं. ताणली की तो आणखी घसरतो.

नव्या प्लेटा पहिल्या शंभर-दीडशे किलोमीटरमध्येच सगळ्यात जास्त बसतात. तारही नवी असेल तर ती थोडी लांबते आणि खेळ वाढवते, त्यामुळे कधीकधी हिशेब आपोआप जुळतो. तुमची तार जुनीच ठेवली होती, तिचं लांबायचं ते कधीच लांबून झालं होतं. गाडी देताना लिव्हरच्या बुडाशी २ ते ३ मिमी खेळ ठेवला होता, तो बारा दिवसांत खाल्ला गेला. शंभर किलोमीटरनंतर गाडी दाखवायला आणा, हे बिलावर लिहून द्यायला हवं होतं. पोराने तोंडी सांगितलं म्हणतो, पण तोंडी सांगितलेलं कोणाच्या लक्षात राहतं? आता क्लचच्या प्रत्येक बिलावर तसा शिक्का मारतो.

आता प्लेटा. गाडी आली त्या दिवशी लिव्हरला ४ मिमी खेळ होता, म्हणजे तार ढिलीच होती. तरीही सेमिनरी हिल्सच्या चढावर चौथ्या गिअरमध्ये अर्ध्याच्या वर थ्रॉटल दिला की इंजिन ओरडायचं आणि वेगाचा काटा तिथल्या तिथे. खेळ असताना घसरतोय म्हणजे दोष आत आहे. उघडल्यावर प्रत्येक फ्रिक्शन प्लेट (घर्षणाचा थर असलेली) व्हर्नियरने चार जागी मोजली: २.५ ते २.६ मिमी. नवी साधारण ३ मिमीची असते आणि ०.३ मिमी झिजली की ती बाद. दोन लोखंडी प्लेटा निळ्या पडल्या होत्या. सपाट काचेवर ठेवल्यावर ०.०५ मिमीचा फीलर (फट मोजायची पातळ पट्टी) त्यांच्याखाली सहज जात होता, म्हणजे तापून वाकलेल्या. काळ्या मातीत फसलेलं चाक हाफ क्लचवर रेस देऊन काढलं की हेच होतं. पावसाळ्यानंतर डर्टच्या गाड्या याच अवस्थेत येतात. जुन्या प्लेटा पिशवीत घालून तुम्हाला परत दिल्यात. दुसऱ्या मेकॅनिकला त्याच मोजायला सांगा.

रिव्ह्यूत नसलेली एक गोष्ट. तुमच्या स्प्रिंगच्या टोकांना कोणीतरी एकेक वॉशर घातला होता. पॉवर वाढवायला पोर्टिंग केलेल्या (सिलिंडरच्या वाटा कोरून मोठ्या केलेल्या), एक्स्पान्शन चेंबर (फुगीर सायलेन्सर) लावलेल्या गाडीचा क्लच धरत नाही म्हणून हा जुगाड करतात. स्प्रिंग आधीच दाबलेली असल्याने लिव्हर ओढताना तिचे वेटोळे एकमेकांना टेकतात, प्रेशर प्लेट पुरती उचलत नाही. मग पहिला गिअर टाकताना गाडी झटका देते, न्यूट्रल सापडत नाही आणि पुश रॉडचं टोक चेपून फुलतं. तुमच्या रॉडचं टोक चेपायला लागलेलं होतंच. वॉशर काढले, स्प्रिंगचा संच नवा टाकला. जुन्या स्प्रिंगा नव्यापेक्षा १ मिमीहून जास्त आखूड भरल्या. जास्त पॉवरच्या गाडीला कडक स्प्रिंगच घ्याव्यात, वॉशरवर ढकलू नये.

बास्केटबद्दल. तिच्या बोटांवर (उभ्या पट्ट्यांवर) प्लेटांच्या कानांनी, म्हणजे कडेच्या दात्यांनी, खाचा पाडल्या आहेत. क्लच सोडताना प्लेटा त्या खाचांत अडकतात, म्हणून सिग्नलवरून निघताना गाडी थरथरते. आम्ही बास्केट बदलली नाही आणि तिचे पैसेही लावले नाहीत. बारीक कानशीने खाचा सपाट केल्या. पण हे एकदाच चालतं. धातू जितका काढाल तितकी प्लेटांना बाजूची ढील वाढते आणि मग थरथर, खडखड दोन्ही सुरू होतात. पुढच्या वेळी बदलावी लागेल असं म्हटलं, त्यात घाबरवण्यासारखं काय होतं?

चार दिवस का लागले? ही गाडी १९९६ मध्ये बंद झाली. आज डब्यावर काहीही छापलेलं असलं तरी आतला माल सारखा नसतो. आणलेल्या पहिल्या संचाचे कान बास्केटमध्ये घट्ट बसत होते. तो परत करून दुसरा आणला, त्यात एक दिवस गेला. नव्या प्लेटा गिअर ऑइलमध्ये रात्रभर भिजत ठेवाव्या लागतात. कोरड्या बसवल्या तर पहिल्या हाफ क्लचलाच त्यांचा पृष्ठभाग काचेसारखा गुळगुळीत होतो. कव्हरचे फिलिप्स डोक्याचे स्क्रू इतके गंजले होते की इम्पॅक्ट ड्रायव्हर आणि हातोडीनेच सुटले. साध्या स्क्रूड्रायव्हरने डोकं उडालं असतं, मग ड्रिल मारायची वेळ. जुना गॅस्केट खरवडून नवा कागदी गॅस्केट टाकला. सिलिकॉनचा गिलावा आम्ही करत नाही, जास्तीचं आत सुटून तेलाची वाट अडवतं.

आणि तुमच्या गाडीत ऑटोल्यूब पंप (इंजिनला आपोआप टूटी, म्हणजे टू-स्ट्रोक ऑइल पुरवणारा) अजून चालू आहे, बरेच जण तो काढून टाकतात. उजवं कव्हर उघडायचं तर पंपाची तार आणि तेलाची नळी दोन्ही सोडावी लागतात, नळीत हवा शिरते. हवा काढल्याशिवाय गाडी चालवली तर पिस्टनला तेल पोचत नाही आणि क्लचच्या कामात इंजिन सीझ होतं. म्हणून नळीतले बुडबुडे संपेपर्यंत टाकीत लिटरमागे २० मिली टूटी ऑइल मिसळून गाडी फिरवली. 'फुकटचं तेल बिलात' असं तुम्ही लिहिलंय, ते हेच तेल.

दुसऱ्या मेकॅनिकचं काम चूक नाही. खेळ नव्हता, त्याने दिला. पण खेळ नसताना बारा दिवसांतले किती तास क्लच घसरत चालला, हे त्याला कळायला मार्ग नाही. ते तुम्हीच बघू शकता. सकाळी इंजिन थंड असताना लिव्हरच्या बुडाशी २ ते ३ मिमी खेळ आहे ना बघा. गरम इंजिनवर मोजाल तर माप फसवतं. मग मोकळ्या रस्त्यावर चौथ्या गिअरमध्ये सावकाश चालत असताना थ्रॉटल पूर्ण उघडा. आवाज आणि वेग सोबत वाढले तर प्लेटा ठीक आहेत. आवाज पुढे पळाला किंवा जळका वास आला तर प्लेटा चकाकल्या आहेत. तसं असेल तर पुन्हा उघडून नव्या प्लेटा आमच्या खर्चाने टाकू, मजुरीही घेणार नाही. खेळ द्यायचे त्या मेकॅनिकला जे पैसे दिलेत तेही आमच्याकडून घ्या.

मधल्या काळात गिअरबॉक्समध्ये तुम्ही दुसरं ऑइल टाकलंय का, हेही सांगा. कारचं, इंधन बचत करणारं म्हणून विकलं जाणारं ऑइल ओल्या (तेलात चालणाऱ्या) क्लचला चालत नाही, त्यातल्या घर्षण कमी करणाऱ्या मसाल्याने नव्या प्लेटाही घसरतात. जेएएसओ एमए (ओल्या क्लचला चालणाऱ्या ऑइलची खूण) लिहिलेलं २०डब्ल्यू४० बघून घ्या, लागतं साधारण ६५० मिली.

प्लेटांचे पैसे परत मागितलेत, ते देणार नाही. ०.४ मिमी झिजलेली प्लेट तार ढिली करून जाड होत नाही.

रविवार सोडून कधीही सकाळी दहाच्या आत या. गाडी चालवत आणू नका, थंड हवी. टेम्पोत टाकून आणा, भाडं आम्ही देऊ. ती जुन्या प्लेटांची पिशवीही आणा, तुमच्यासमोरच मोजतो.