नारंगी रेषा

आधी एक गोष्ट स्पष्ट करतो. मी सरकारी माणूस नाही. मोजणीवाला नाही, पाटबंधाऱ्याचा नाही आणि पूररेषा आखायला आलेला तर अजिबातच नाही. माझ्या जाकिटाला अकरा खिसे आहेत हे खरं, पण त्यातल्या एकाही खिशात शिक्का नाही. कोंबड्याची पिसं आहेत. गेल्या रविवारी भोगावती नदीकाठच्या एका गायरानात हेच मी दोन तास घसा फोडून सांगत होतो.

रविवारी आमच्या फ्लाय फिशिंग क्लबचा सराव असतो. क्लब म्हणजे सहा माणसं, चार रॉड आणि कट वड्याच्या गाडीवर भरणारी कार्यकारिणी. मासे नदीत असताना ही मंडळी गवतावर काय करतात, असं सगळेच विचारतात. तर साध्या गळाला शिसं असतं. शिसं पुढं जातं, मागनं दोरी जाते. फ्लायला वजनच नसतं. फ्लाय म्हणजे खोटा किडा, गळाला गुंडाळलेलं पीस नि दोरा, फुंकर मारली तर उडेल. म्हणून इथं उलटा कारभार, वजन दोरीत. आमच्या पाच नंबरच्या लाईनीचे पहिले ३० फूट साधारण ९ ग्रॅम भरतात. ते ९ ग्रॅम हवेत मागं उलगडायचे, थांबायचं आणि मग पुढं सोडायचे. घड्याळाचा काटा समजा: पुढं दहावर थांबा, मागं एकवर थांबा. थांबा म्हणजे गचकन थांबा. मागची लाईन सरळ व्हायच्या आत घाई केली की चाबकासारखा फाट्कन आवाज येतो आणि फ्लाय तुटून जाते. पुढं आणताना सुरुवातीलाच जोर लावला तर रॉडचं टोक दबतं, दोरी स्वतःलाच आडवी जाते आणि टोकाच्या बारीक तंगूसला गाठ बसते. तिला आमच्यात वाऱ्याची गाठ म्हणतात. वारा नसला तरी. एका गाठीनं तंगूसची ताकद निम्म्यावर येते, म्हणून दर दहा-पंधरा फेकींनंतर बोटानं चाचपायचं. मनगट मोडायची खोड असेल त्यानं रॉडची मूठ शर्टाच्या बाहीत खोचून फेकायचं. आमचे अध्यक्ष तीन वर्षं खोचून फेकतायत.

सरावाला गळ नसतो, त्या जागी दोन बोटं लोकर. अंतर कळावं म्हणून फक्कीनं ३०, ४०, ५० फुटांवर आडव्या रेघा मारायच्या. आणि हवेत दोरीचा लूप, म्हणजे वळसा, कसा पडतो ते शिकणाऱ्याला दिसावं म्हणून लाईन भडक नारंगी.

नदीकाठ, फक्कीच्या रेघा, खिशांची जाकिटं, नारंगी दोरी. आता वाटतं, चूक आमचीच.

तात्या आले तेव्हा आठ वाजले असतील. पांढरी टोपी, खांद्यावर टॉवेल, काखेत विळा. पाच मिनिटं बांधावर उभं राहून त्यांनी माझ्या फेकी बघितल्या. मग म्हणाले,

"कुठवर आणली?"

"काय?"

"लाईन वो."

मला भरून आलं. चला, कुणीतरी जाणकार भेटला. म्हटलं, "आत्ता पन्नास फुटांवर आहे. साठला न्यायचा प्रयत्न चाललाय."

"साठ?" तात्यांनी टोपी काढली. "आवो, एकोणीस सालाला पंचावन्नच्या वर गेलं तर आमची म्हसरं चार दिस डोंगरावर हुती. आन् तुमी साठ धरताय?"

हा खास आपल्याकडचा घोळ. कोल्हापुरात फूट हे लांबीचं माप नाही, पाण्याचं आहे. जुलै उजाडला की शाळकरी पोरसुद्धा पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पातळी सांगतं: ३९ इशारा, ४३ धोका. राधानगरी धरणाच्या सात स्वयंचलित दरवाजांपैकी किती उघडले हे इथं पाहुण्यांच्या तब्येतीच्या आधी विचारतात. अशा माणसासमोर नदीकाठावर 'साठ फूट' म्हणणं म्हणजे लग्नघरात फटाक्याऐवजी बॉम्ब म्हणण्यासारखं.

मी सावरून घ्यायला गेलो. "तात्या, तसली लाईन नव्हे. ही फ्लोटिंग लाईन."

"त्येच म्हंतोय की मी. फ्लड लाईन."

"फ्लोटिंग! तरंगणारी!"

"तरंगणारच की. पूर हाय म्हटल्यावर." मग त्यांनी दोरी चिमटीत धरून उन्हात बघितली. "निळी म्हाईत हाय. लाल म्हाईत हाय. ही नारंगी कवा काढली?"

पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची रेषा निळी, शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्याची लाल, हे तात्यांना माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक होतं. घर निळ्यात गेलं की बांधकाम अडतं, हेही. त्यामुळं दोन्हींच्या मधली एखादी नारंगी कुणीतरी गुपचूप काढत असणार, हा संशय अगदीच बिनबुडाचा नव्हता. मी त्यांच्या जागी असतो तर मीही विळा घेऊनच आलो असतो.

पुरावा म्हणून मी फ्लायची डबी उघडली. इथं मला वाटलं होतं की मामला मिटेल. एक फ्लाय त्यांच्या तळव्यावर ठेवली. बारा नंबरचा गळ, वर तांबड्या कोंबड्याच्या मानेचं पीस. या पिसासाठी काय उस्तवार लागते ते सांगायला हवं. ब्रॉयलरचं चालत नाही. तो पाच-सहा आठवड्यांत कापला जातो, तोवर मानेची पिसं तयारच होत नाहीत. वयात आलेला देशी कोंबडा लागतो, ज्याच्या पिसाचे तंतू ताठ असतात आणि पाण्यावर फ्लायला उचलून धरतात. बुडख्याजवळची लव मऊ असते, ती काढून टाकायची, नाहीतर पाणी पिऊन फ्लाय बुडते. चिकनवाल्याला मी 'चिकन नको, फक्त मानेवरची पिसं द्या' म्हटलं, तेव्हापासून तो माझ्याशी हळू आवाजात बोलतो. त्याला वाटतं, मी कुणावर तरी काहीतरी करतोय.

तात्यांनी फ्लाय फिरवून बघितली. "ह्याला उलटा काटा न्हाई."

"तो पकडीनं चेपलाय. मासा सुटायला सोपा जातो."

"सुटायला?"

"हो. आम्ही मासा धरून परत सोडतो. हात आधी ओला करायचा, कोरड्या हातानं त्याच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघतो. शक्यतो पाण्याबाहेरही काढायचा नाही."

तात्या गप्प झाले. बराच वेळ गप्प. मग अत्यंत शांतपणे म्हणाले, "सायेब, सात वाजल्यापास्नं हितं हाय तुमी. गाडी काढून कोल्हापुरास्नं आलाय. पिसानं मासा धरताय, त्यो सुटावा म्हणून काटा चेपताय, धरला की सोडून देताय. आमी शेतकरी हाय, येडं न्हाई."

खरं सांगतो, माझ्याकडं उत्तर नव्हतं. एवढ्या पद्धतशीरपणे आमच्या छंदाची चिरफाड माझ्या बायकोनंसुद्धा कधी केली नाही.

एव्हाना दहा-बारा माणसं जमली होती. अध्यक्षांनी रॉडचे चारही तुकडे सुटे करून पिशवीत घातले आणि 'वडा सांगून ठेवतो' म्हणत बाकी चौघांना घेऊन निघाले. संकटात पहिला कोण पळतो ते बघायचं असेल तर क्लब काढावा. ठरल्याप्रमाणं नऊ वाजता आम्ही बंधाऱ्याखाली उतरणार होतो. बंधाऱ्याला बरगे, म्हणजे पाणी अडवायच्या फळ्या, घातले की वरच्या अंगाला पाणी तुंबतं, सपाट होतं, आणि अशा संथ पाण्यात नारंगी दोरी पडली की मासा पळतो. खाली मात्र दगडांतनं पाणी खळाळतं, तिथं मासा तोंड वर करून वाहत येणारा किडा टिपतो. उन्हं चढली की तो खोल जातो. म्हणजे नऊ ते साडेदहा, एवढीच आमची आठवड्याची कमाई. ती गेली.

कारण तात्यांनी पुढचा प्रश्न विचारला. "दोरी किती हाय?"

"नव्वद फूट."

"म्हंजे दोन साखळ्या नि वर चोवीस फूट." ३३ फुटांची साखळी, ३३ गुणिले ३३ चा गुंठा, सगळं तोंडपाठ. "मग आल्यासारखं आमचा बांध तेवढा मोजून द्या. अर्ज देऊन वरीस झालं, कोण फिरकंना. आबानं चार फूट कोरलाय."

आबा म्हणजे चुलतभाऊ. तो गर्दीतच होता. "कोण कोरलाय? मोज की! सायबांम्होरंच मोज!"

मी नाही म्हणालो. हे लिहून ठेवावं, मी नाही म्हणालो. पण तोवर लाईनीचं एक टोक आबाच्या हातात होतं आणि रील माझ्या. उसाच्या कडेनं, पाचटावरनं, मुरमावरनं माझी चार हजारांची लाईन फरफटत निघाली. तिच्या पोटात विणलेला नायलॉन असतो नि वर मऊ प्लास्टिकचा थर. त्या थराला चिरा पडल्या की आत पाणी शिरतं आणि तरंगणारी लाईन बुडायला लागते. म्हणून तिला फरशीवर ओढायची नाही, पायाखाली घ्यायची नाही, घरी गेल्यावर कोमट पाणी नि थोड्या साबणानं पुसून घ्यायची. हे मी मोठ्यानं सांगत होतो. कुणीतरी तिच्यावर उभं राहून ऐकत होतं.

आणि ती ताणते. महिनाभर रीलवर राहिली की स्प्रिंगसारखी वेटोळी धरते, म्हणून फेकायच्या आधी दोघांनी टोकं धरून ताणायची असते. तात्यांनी ताणली, आबाची हद्द तात्यांच्या उसातनं मागं सरकली. आबानं सैल सोडली, परत पुढं आली.

"रबर हाय ही! सरकारनं रबर दिलंय मोजायला!"

"सकाळी सायेब सोताच ताणत हुते, म्या बघितलंय!"

शेवटी गावातल्या एका शहाण्यानं तोड काढली: दोघांनी मिळून ओढायची, दोघांचं समाधान होईल तिथं खूण करायची. खूण म्हणजे आबानं लाईनीलाच गाठ मारली. पक्की, दाव्याची मारतात तशी, दातानं आवळून. तात्यांनी माझा नंबर घेतला. चहा आला, त्याला नाही म्हणत नाही, म्हशीच्या दुधाचा होता आणि उत्तम होता. वड्याच्या गाडीवर पोचलो तेव्हा वडे संपले होते.

ती गाठ टोकापासून ७१ फुटांवर आहे. रॉडच्या कड्यांतनं ती जात नाही. मोठा मासा लाईन ओढत पळाला तर पहिल्याच कड्यात अडकणार आणि तंगूस तुटणार. अध्यक्ष म्हणतात, तिथनं काप. मी ब्लेड घेऊनही बसलो होतो. तेवढ्यात तात्यांचा फोन.

"सायेब, आबा राजी झालाय. पुढल्या रविवारी तलाठी भाऊसाहेबास्नी बोलावतोय. दोरी घिऊन या."

"तात्या, अहो मासेमारीची दोरी आहे ती."

"असू दे की. गाठ तेवढी सोडवू नका. आन् मधी कुठं पाण्यात बिण्यात घालू नका, आक्रसंल."