डावीकडे घे, ड्रमर दिसत नाही

ज्यांनी आपला लाडका बँड फक्त स्टेडियममध्ये पाहिला, त्यांनी तो पाहिलेलाच नाही, असं आम्हा जुन्या चाहत्यांचं ठाम मत असतं. स्टेडियममध्ये गायक अर्ध्या पेराएवढा दिसतो आणि त्याच्या बाजूला त्याचंच थोबाड इमारतीएवढ्या पडद्यावर. म्हणजे तिकीट काढून, पायांचे तुकडे पाडून, शेवटी टीव्हीच बघायचा. खरा रॉक ऐकावा तो क्लबात. बुटकं छत, मांडीएवढं स्टेज, आणि ड्रमरच्या कपाळावरचा घाम दिसेल इतकंच अंतर. लिव्हरपूलच्या कॅव्हर्न क्लबात, म्हणजे एका तळघरात, बीटल्स १९६१ ते १९६३ या काळात २९२ वेळा वाजवून गेले. गर्दीच्या घामाची वाफ तिथल्या विटांच्या भिंतींवर थंड होऊन ओघळायची म्हणतात. हे वाचलं की माझा जीव हळहळायचा, की तेव्हा आपण तिथे हवे होतो. ओघळलेलं पाणी पुढे कोणाच्या मानेत शिरत असेल, हा विचार कधी शिवला नाही.

तर आमच्या बँडने यंदा जाहीर केलं की मोठी मैदानं पुरे, आता छोट्या क्लबात वाजवणार, चाहत्यांच्या जवळ जाणार. जवळ! मी आणि माझा मित्र दोन कॉम्प्युटर उघडून तिकिटाच्या ऑनलाइन रांगेत बसलो. पडद्यावर सूचना होती: ‘कृपया पान रिफ्रेश करू नका.’ मित्राने केलं. म्हणून मी एकटाच गेलो.

तिकिटावर ‘दरवाजे सात वाजता’ असं छापलेलं असतं आणि ते अक्षरशः खरं असतं. सातला दरवाजे उघडतात. बँडबद्दल त्यात काहीच म्हटलेलं नसतं. दारावरच्या दणकट माणसाने माझ्या पिशवीत हात घालून पाण्याची बाटली काढून घेतली, मनगटावर शिक्का उमटवला आणि माझ्या वयाकडे बघून उगाचच ‘सावकाश’ असं म्हणाला. आत जेमतेम पंधरा-वीस माणसं. मी स्टेजच्या अगदी समोर जागा धरली आणि पाय रोवून उभा राहिलो. अशा वेळी माणसाला फार श्रीमंत वाटतं.

या श्रीमंतीची मेख अशी, की ती सोडून कुठे जाता येत नाही. पाणी प्यायला गेलात, जागा गेली. आणि न पिताही जी निकड लागते तिचं काय? क्लबातल्या संडासांची कीर्ती जगभर आहे. न्यूयॉर्कमध्ये १९७३ साली सुरू झालेला सीबीजीबी हा क्लब म्हणजे पंक या रांगड्या, बंडखोर रॉकचं माहेरघर. पण तिथल्या भिंती बोलक्या, फरशी चिकट आणि दारांचा पत्ता नाही, अशा संडासाची ख्याती गाण्यांइतकीच पसरली. २०१३ साली मेट्रोपॉलिटन म्युझियमने पंकच्या कपड्यांवर प्रदर्शन भरवलं, तेव्हा त्यात या संडासाची प्रतिकृती उभी केली. लोक तिकीट काढून ती बघून आले. मीही आमच्या क्लबातला लांबूनच बघितला आणि बघण्यावरच भागवलं.

आधी एक नवखा बँड वाजवतो. त्यांच्याबद्दल वाईट बोलू नये. पोरं जीव तोडून वाजवत होती आणि समोरचे सगळे घड्याळ बघत होते. त्यांच्या गायकाने ‘हे आमचं शेवटचं गाणं’ म्हटल्यावर जो जल्लोष झाला, तो त्याने मनाला लावून घेतला नाही. हा मुलगा पुढे जाईल.

मग सुरू झाला संध्याकाळचा सगळ्यात लांब कार्यक्रम: तंत्रज्ञांचा. अंधारात काळे कपडे घातलेला एकजण येतो. पब्लिक बेंबीच्या देठापासून ओरडतं. तो ढिम्म. गिटार उचलतो, एकच तार छेडतो, मान तिरकी करून ऐकतो, खुंटी केसभर पिळतो, पुन्हा तीच तार छेडतो. मग गिटार ठेवून देतो आणि दुसरी, हुबेहूब तशीच गिटार उचलतो. नंतर माइकपाशी येऊन ‘टू... टू...’ म्हणतो. ‘वन’ का म्हणत नाही कोण जाणे. मग गुडघ्यावर बसून पेडलशेजारी गाण्यांच्या यादीचा कागद काळ्या टेपने चिकटवतो. इथे पुढच्या रांगेतले आम्ही सगळे एकदम माना उलट्या करतो, कारण यादी आपल्या बाजूने उलटी असते. माझं आवडतं गाणं पहिल्या अल्बममधलं, दुसऱ्या बाजूचं शेवटून दुसरं. ते यादीत आहे का, हे मी मान जवळजवळ खांद्यावर ठेवून शोधलं. दिसली ती फक्त पाण्याची बाटली. तंत्रज्ञाने ती बरोबर यादीवर ठेवली आणि मग तीही चार बोटं डावीकडे सरकवली. ती बाटली सरकवल्यावरही टाळ्या पडल्या.

दिवे गेले. बँड आला. आणि त्याच सेकंदाला माझ्यापुढे साडेसहा फुटी पोरगा आला.

तो कुठून आला ते सांगता येणार नाही. माझ्यापुढे माणूस मावेल अशी जागाच नव्हती. ही माणसं पहिला सूर वाजला की जमिनीतून उगवत असावीत. पण पोरगा सुसंस्कृत. मागे वळून म्हणाला, “सॉरी हं काका, दिसतंय ना?”

“दिसतंय, दिसतंय,” मी त्याच्या शर्टाकडे बघत म्हणालो. शर्टाच्या मागे बँडच्या एका जुन्या दौऱ्यातल्या गावांची तारखांसकट यादी छापली होती. पहिल्या गाण्यात ती पाठ माझी पाठ झाली.

दिसण्याचं राहू द्या, ऐकण्याचीही गंमतच. उंच पट्टीच्या आवाजाची लहर आखूड असते, ती माणसाच्या पाठीवर आपटून तिथेच थांबते. ८० हर्ट्‌झच्या खर्जाची लहर चार मीटरहून लांब. ती माणसाला वळसा घालून आरामात मागे येते. त्यामुळे समोरून थेट येणाऱ्या आवाजातले शब्द, झांजा, गिटारची नाजूक कलाकुसर सगळं त्या पोराच्या पाठीत जिरलं आणि माझ्या वाट्याला आला निव्वळ बास. तो मी कानाने कमी आणि बरगड्यांनी जास्त ऐकला.

कानाचा बंदोबस्त मी करून गेलो होतो. कामगारांच्या आरोग्यावर संशोधन करणाऱ्या नायॉश या अमेरिकन संस्थेचा हिशोब असा, की ८५ डेसिबलच्या आवाजात कामगाराने आठ तासांहून जास्त राहू नये, आणि पुढे प्रत्येक ३ डेसिबलला वेळ निम्मा करावा. या हिशोबाने १०० डेसिबलला पंधरा मिनिटं मिळतात. रॉक क्लबात आवाज शंभराच्या खाली रेंगाळणं म्हणजे बँडचा अपमान. तेव्हा माझा दिवसाचा कोटा त्या नवख्या पोरांनीच संपवला होता. म्हणून मी खिशातून फोमचे पिवळे बोळे काढले. हे घालायची रीत आहे: बोळा बोटांत वळून काडीसारखा बारीक करायचा, दुसरा हात डोक्यामागून नेऊन कान वर ओढायचा, बोळा आत सारायचा आणि फुगेपर्यंत बोटाने दाबून धरायचा. डाव्या कानाला हे सगळं यथासांग केलं. तेवढ्यात गर्दी अशी दाटली की उजवा हात कंबरेपाशी अडकला तो अडकलाच. फोम उंच सूर जास्त खातो, त्यामुळे डाव्या कानाला बँड शेजारच्या घरात वाजत होता आणि उजव्या कानाला डोक्यात.

आता एकच आधार उरला, तो म्हणजे पोराचा फोन. त्याने तो दोन्ही हातांनी उंच धरला होता आणि पडद्यावर स्टेज स्वच्छ दिसत होतं. तीन मीटरवर जिवंत बँड, आणि मी तो तळहाताएवढ्या काचेवर बघतोय! स्टेडियमचा पडदा निदान मोठा तरी होता. पण बघता बघता मी त्यात रमलो. पोराचा हात स्थिर होता, फक्त गायकावरून हलायला तयार नव्हता. चौथ्या गाण्याला ड्रमचा सुंदर तुकडा आला तेव्हा मला राहवलं नाही. मी त्याच्या खांद्यावर टकटक केलं.

“जरा डावीकडे घे ना! ड्रमर दिसत नाही!”

त्याने घेतलं. मागे न बघता, तक्रार न करता घेतलं. तिथून पुढे आमचं छान जमलं. मी टकटक करायचो, तो फिरवायचा. त्याच्या बॅटरीची मात्र मला काळजी लागून राहिली. कोपऱ्यात लाल बारा टक्के दिसत होते आणि अजून दोन अल्बम बाकी होते.

गिटारचा मोठा सोलो सुरू झाला. गिटारवाल्याने गिटार डोक्यावर उगारली आणि सगळ्यांनी श्वास धरला, कारण वर छत होतं. या छतांचाही इतिहास आहे. १९६४ साली लंडनच्या हॅरोतल्या रेल्वे टॅव्हर्नमध्ये ‘द हू’ या बँडचा गिटारवाला पीट टाउनशेंड याच्या गिटारीचं डोकं असंच बुटक्या छतात घुसून मोडलं. लोक फिदीफिदी हसले, तसा तो चिडला आणि उरलेली गिटार त्याने तिथेच फोडली. पुढे ती परंपराच पडली. छत दोन हात उंच असतं तर किती गिटारी वाचल्या असत्या! आमचा गिटारवाला अनुभवी निघाला, छताच्या वीतभर खाली थांबला. हे सगळं मी फोनवर बघत असताना अचानक गिटारवाला गेला आणि पडद्यावर अक्षरं उमटली: ‘आई’.

पोराने कॉल कापला. गिटारवाला आला. पुन्हा ‘आई’. पुन्हा कापला. असं करत तो सोलो मी आईच्या कॉलांच्या फटींतून पाहिला. शेवटी ‘कुठे आहेस? जेवलास का?’ असा मेसेज येऊन पडद्यावर बसला, आणि मीच ओरडलो, “अरे, हो म्हण आणि मोकळा हो!”

उत्तर टाइप करायला त्याने हात खाली घेतले आणि तेवढ्यात आमच्या मागे मॉश पिट फुटला. गर्दी मधोमध दुभंगते आणि माणसं एकमेकांच्या अंगावर जाऊन आदळतात. कॉर्नेल विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१३ मध्ये हेवी मेटल शोंचे व्हिडिओ तपासून असा निष्कर्ष काढला, की मॉश पिटमधली माणसं वायूच्या कणांसारखी वागतात. शंभर टक्के पटलं. वायूच्या कणाला कुणी विचारत नाही, की बाबा रे, तुला नक्की कुठे जायचंय? मी बारपर्यंत जाऊन आलो. वाटेत एकजण कुणाचातरी बूट डोक्यावर धरून मालक शोधत होता, तर मी पायांच्या अंगठ्यांनी चाचपून आपले दोन्ही जागेवर असल्याची खात्री केली. पडलेल्याला मात्र ही मंडळी क्षणात उचलतात. एरवी रांगेत कोणी इतकी माया करत नाही. शेवटी साडेसहा फुटी पोराने लांब हात टाकून मला बखोटीला धरून आत ओढलं. “काका, माझ्या मागेच थांबा. इथे सेफ आहे.” सेफ होतंच. दिसत नव्हतं एवढंच.

शेवटचं गाणं झालं, बँड हात हलवून आत गेला, आणि आम्ही घसा फाटेस्तोवर ‘वन्स मोअर’चा गजर केला. अनुभवी लोक शांत होते. हॉलचे दिवे लागत नाहीत तोवर काही संपलेलं नसतं, हे त्यांना ठाऊक असतं. बँड आला, भारावल्यासारखा दिसला, तीन गाणी वाजवून गेला. मग दिवे लागले, आणि पोराने वाकून तो स्टेजवरचा कागद उपटला. वीस गाणी, खाली आडवी रेघ, रेघेखाली तीच तीन गाणी. छापील. आमचा आग्रह त्यांनी दुपारीच टाइप करून ठेवला होता. माझं गाणंही यादीत होतं, सातव्या क्रमांकावर. त्यावर कुणीतरी पेनाने काट मारली होती.

“व्हिडिओ बघायचाय, काका?” पोराने विचारलं. बॅटरी एक टक्का. त्याने सोलो लावला. गिटारवाला दिसत होता, तोंडं वेडीवाकडी करत तारा छेडत होता. पण आवाज भलताच. फोनच्या सगळ्यात जवळ मीच होतो. सबंध सोलोभर कुणीतरी तारस्वरात, ठेक्याच्या अर्धा मात्रा मागे, चुकीचे शब्द गात होतं. मधूनच ‘डावीकडे! डावीकडे!’

“आईला पाठवला मघाशी,” तो म्हणाला, “कार्यक्रमात आहे हे पटावं म्हणून.”

“मग? काय म्हणाली?”

त्याने मेसेज दाखवला. ‘गाणं छान आहे. पण त्या काकांना दवाखान्यात नेलं का?’