दोन स्टारच्या रिव्ह्यूला उत्तर: टाइमआउटची चूक आमचीच, पण कॉन्टेक्स्ट परत आणणार नाही

नमस्कार सर, रिव्ह्यू परवाच वाचला, पण पहिल्यांदा वाचून राग आला म्हणून मुद्दाम दोन दिवस थांबलो. बाकीच्यांना विषय कळावा म्हणून तुमचं म्हणणं थोडक्यात लिहितो. तुम्ही आमची मेसेजिंग लायब्ररी (एका प्रोग्रॅमचे मेसेज दुसऱ्याकडे पोचवणारी, झीरोएमक्यू या फुकट लायब्ररीवर बांधलेली) तीन वर्षं वापरताय, नवीन व्हर्जन टाकल्यावर अर्धा कोड कंपाइलच होईना, जो झाला तो सेकंड शिफ्टला भट्टीचं जुनंच टेंपरेचर दाखवत बसला, आमच्या सपोर्टवाल्याने "रीस्टार्ट करून बघा" सांगून फोन ठेवला, कॉन्टेक्स्ट (सगळी सॉकेट, म्हणजे मेसेज पाठवायची-घ्यायची टोकं, ज्यात बनतात तो डबा) काढल्याने कंट्रोल गेला, तुकड्यांत येणारे मेसेज घ्यायची पद्धतही बदलली, आणि शेवटी तुमचं वाक्य, "खाली फुकटचं झीरोएमक्यू, वर रंग मारून पैसे घेतात, आता तर रंगही बदलला."

रंगाचं वाक्य ऑफिसात सगळ्यांना वाचून दाखवलं, जाम हसले.

आता भट्टीचं. इथे शंभर टक्के आमची चूक. मेसेजची वाट बघायचं जे पोल फंक्शन आहे ते आमच्या जुन्या व्हर्जनमध्ये वेळ मायक्रोसेकंदात घ्यायचं, नवीनमध्ये आम्ही मिलिसेकंद केलं आणि नाव मात्र तेच ठेवलं. तुमच्या कोडमध्ये तिथे दहा लाख लिहिलेत, म्हणजे पूर्वीच्या हिशोबाने बरोबर एक सेकंद, आणि आता तेच दहा लाख म्हणजे हजार सेकंद, १६ मिनिटं ४० सेकंद. कंट्रोलर गप्प झाला की सेकंदाभरात स्क्रीन लाल व्हायला पाहिजे होती, ती सोळा मिनिटं शेवटचा आकडा धरून बसली आणि समोरच्या ऑपरेटरला वाटलं सगळं ठीक चाललंय. एरर नाही, वॉर्निंग नाही, काही नाही. बदलांच्या यादीत एक ओळ होती, पण ती वाचायला कुणाला वेळ असतो, मी पण दुसऱ्यांच्या वाचत नाही.

आणि जास्त लाज याची वाटते की हा खड्डा आम्हाला माहीत होता. झीरोएमक्यूने स्वतः २ वरून ३ वर जाताना हेच केलेलं, मायक्रोचं मिलि, नाव तेच. तेव्हा आम्ही एका गिऱ्हाइकाकडे रात्रभर बसून शिव्या घातल्या होत्या, आणि जुन्या गिऱ्हाइकांना त्रास नको म्हणून आमच्या वरच्या थरात मायक्रो तसंच चालू ठेवलं होतं. इतक्या वर्षांनी साफसफाई करायला बसलो आणि तीच चूक स्वतःच्या हाताने केली. नाव बदललं असतं तर कंपायलरने बोंब मारली असती, तुम्ही दोन शिव्या देऊन पाच मिनिटांत दुरुस्त केलं असतं.

म्हणूनच तुमच्या पहिल्या तक्रारीवर मी तेवढा नरम नाहीये. नावं बदलली आणि कोड कंपाइल झाला नाही, हा त्रास आहे मान्य, पण तो दिवसाउजेडी टेबलावर होतो, रात्री भट्टीवर होत नाही. सेटिंगचंच बघा. पूर्वी एकच फंक्शन, त्याला ऑप्शनचा नंबर द्या, पॉइंटर द्या, साइझ द्या. झीरोएमक्यूच्या त्याच उडीत बरेच ऑप्शन ६४ बिटवरून साध्या इंटवर आले, हाय वॉटर मार्कचे (रांगेत किती मेसेज साठवायचे ती मर्यादा) पाठवायचा आणि घ्यायचा असे दोन वेगळे झाले, आणि साइझ चुकली तर कळायचं कधी, तर प्रोग्रॅम चालू केल्यावर. आता हाय वॉटर मार्कला त्याचं स्वतःचं फंक्शन आहे, इंट द्या, विषय संपला.

कॉन्टेक्स्ट का काढला, तर तो खरं म्हणजे काढला नाही, आत लपवलाय. तुम्ही म्हणता कंट्रोल गेला. पण मी सपोर्टचे जुने मेल चाळले तर कॉन्टेक्स्टवरचे प्रश्न फिरून फिरून दोनच. एक, "इनप्रॉक कनेक्ट होतंय पण मेसेज येत नाही", कारण दोन फाइलींत दोन कॉन्टेक्स्ट बनवलेले, आणि इनप्रॉकला, म्हणजे एकाच प्रोग्रॅमच्या आतल्या जोडणीला, दोन्ही टोकं एकाच कॉन्टेक्स्टमध्ये लागतात. दुसरा, "प्रोग्रॅम बंदच होत नाही", कारण कुठलंतरी सॉकेट उघडं राहिलं, किंवा न गेलेला मेसेज पोटात आहे आणि लिंगर (बंद होताना न गेलेल्या मेसेजसाठी किती थांबायचं ते) वजा एक, म्हणजे अनंत काळ थांब. तुमचाही एक मेल त्यात आहे सर, रागावू नका. आता आत एकच कॉन्टेक्स्ट आणि लिंगर एक सेकंद. हो, समोरची मशीन बंद असेल तर शेवटचा मेसेज जाणार नाही, ज्याला तो पाहिजेच आहे त्याने लिंगर वाढवावा. ही डोकॅलिटी आमची नाही, झीरोएमक्यूवाल्यांच्याच सीझेडएमक्यू या वरच्या थराच्या सी लायब्ररीत नवीन सॉकेट कॉन्टेक्स्टशिवायच बनतं, आणि झीरोएमक्यूच्या मूळ लेखकांपैकी मार्टिन सुस्ट्रिक यांनी पुढे नॅनोमेसेज ही तशीच लायब्ररी लिहिली त्यात तर कॉन्टेक्स्ट ठेवलाच नाही, सॉकेट म्हणजे साधा आकडा. आणि ज्याला खालचं मूळ हँडल पाहिजे त्याला ते मागून घेता येतं, ते फंक्शन कुठे गेलेलं नाही.

तुकड्यातुकड्याने येणाऱ्या मेसेजचं तुम्ही लिहिलंय ते अर्धं पटतं. पूर्वी एक तुकडा घ्या, अजून येतंय का विचारा, परत घ्या. आता अख्खा मेसेज एकदम हातात. मोठ्या फाइली पाठवणाऱ्याला वाटेल पहिला तुकडा लवकर मिळायचा तो फायदा गेला, पण खाली सगळे तुकडे आल्याशिवाय झीरोएमक्यू पहिला देतच नाही, त्यामुळे गेलं काहीच नाही, तुमचं लूप मात्र गेलं. ते लूप तुम्ही निगुतीने लिहिलं होतं, ते मला माहितीये.

पैशाचं. झीरोएमक्यू फुकट आहे आणि राहणार, आम्ही पैसे घेतो ते रात्री फोन उचलायचे. त्या रात्री उचलला आणि "रीस्टार्ट करा" म्हणाला, त्यामुळे या वर्षाचं सपोर्टचं बिल तुम्हाला परत मिळेल, अकाउंट्सला सांगितलंय. त्या पोराला ओरडलो नाही, कारण वेळेचं युनिट बदललंय हे त्यालाही कुणी सांगितलं नव्हतं.

पुढच्या सोमवारी पॅच येतोय. त्यात पोलचं जुनं नाव कंपाइलच होणार नाही, नवीन नावातच मिलिसेकंद लिहिलेलं असेल. बाकीच्या जुन्या नावांसाठी एक वेगळं हेडर देतोय, ते वर्षभर चालेल, नंतर काढणार. झीरोएमक्यूने आपली जुनी इनिट आणि टर्म फंक्शनं अजून जिवंत ठेवलीयेत, तेवढा दम आमच्या चार माणसांत नाही.

तोपर्यंत एवढं करा. कोडमध्ये पोल शोधा, जिथे दहा लाख दिसतील तिथली शेवटची तीन शून्यं खोडा. जिथे वजा एक आहे तिथे हात लावू नका, त्याचा अर्थ तेव्हाही तोच होता.