साडेतीन किलोची भाजणी

बर्लिनमध्ये सहा वर्षं काढली, इथल्या बसड्रायव्हरचं जर्मन अजून अर्धंच कळतं, पण बर्लिनर वाइसे, म्हणजे इथली गव्हाची आंबट बियर, पहिल्याच घोटात कळली, कारण आंबट ताक पिऊन वाढलेल्या माणसाला ती कळायला वेळ लागत नाही. तीनेक टक्के अल्कोहोल, गढूळ, जिभेला झिणझिण्या. नेपोलियनच्या सैनिकांनी हिला म्हणे उत्तरेची शॅम्पेन म्हटलेलं. इथली माणसं त्यात लाल नाहीतर हिरवं सरबत ओततात, ते हिरवं बघून मला जत्रेतला बर्फाचा गोळाच आठवतो.

तर ही घरी करायची हुक्की आली. हॉप्स, म्हणजे बियरला कडवटपणा देणारी फुलं, नावालाच, कारण जास्त झाले तर आंबवणारे बॅक्टेरिया काम करत नाहीत, यीस्ट पण एका संध्याकाळीत ठरलं. अडलं ते धान्यावर. वीस लिटरला साडेतीन किलो माल्ट, म्हणजे मोड आणून वाळवलेलं धान्य, त्यात गहू किती नि जव किती, बास एवढाच प्रश्न! पण हे थालीपीठाच्या भाजणीसारखं असतं, प्रत्येक घराचं प्रमाण वेगळं आणि दुसऱ्याची भाजणी कायम बिघडलेली. ऑफिसातला एकजण म्हणाला तीस टक्के गहू, दुकानदार म्हणाला निम्मा. मी म्हणलं गव्हाची बियर म्हणायचं आणि गव्हातच हात आखडायचा? सत्तर टक्के.

आता यातली मेख अशी की जवाला टरफल असतं, ते पातेल्याच्या तळाच्या जाळीवर बसतं आणि त्याचीच गाळणी होते, गहू मात्र मळणीतच उघडा पडलेला. हे मला नंतर कळलं. ६६ डिग्रीला तासभर शिजवून ऐटीत पातेल्याचा नळ उघडला, आधी धार आली, मग थेंब, मग काहीच नाही. डाव घालून बघितलं तर आत पांढरट, चिकट, डावाला लोंबणारं काहीतरी. तेवढ्यात आईचा व्हिडिओ कॉल.

"अरे हा तर कुरडईचा चीक! सोऱ्या आहे का तिकडे?"

रात्री दीड वाजेपर्यंत बायकोच्या सुती ओढणीतून पिळून पिळून गाळलं. त्या ओढणीचा विषय आमच्याकडे निघत नाही.

पुढच्या वेळी मुकाट निम्मा गहू, निम्मे जव आणि दुकानदाराने सांगितलं म्हणून दोनशे ग्रॅम भाताचं तूस, मिश्रण मोकळं राहावं म्हणून. चार युरोचं पाकीट. आईला हे सांगायला नको होतं. आमच्या गावी भातगिरणीच्या मागे तुसाचा डोंगर असायचा, आम्ही त्यात उड्या मारायचो आणि घरी येऊन रात्रभर खाजवत बसायचो. "तूस? विकत?" एवढंच म्हणाली आणि फोन बाबांकडे दिला.

पण नळ धो धो वाहिला हो! बियर पण झाली, शेजारच्या आजोबांनी हिरवं सरबत घालून दोन ग्लास घेतले आणि दुकानातल्यापेक्षा बरी आहे म्हणाले, जर्मन माणसाकडून एवढं म्हणजे सत्कारच. राहिला चार-पाच किलो ओला चोथा. आई म्हणाली टाकू नकोस, कांदा-तिखट-ओवा घालून थालीपीठं लाव. लावली. चवीला छान होती, फक्त ते चार युरोचं तूस तीन दिवस दातातून काढत होतो.