सीमाभागातला वाचक कोणत्या रकान्यात बसतो?

वृत्तमाध्यमांचा वाचक-प्रेक्षक, राजकीय संवाद आणि डिजिटल प्रशासन हे विषय विद्यापीठांत बहुधा वेगवेगळ्या विभागांत शिकवले जातात आणि त्यांवरचे संशोधनही वेगवेगळ्या कप्प्यांत होते. कर्नाटकाच्या सीमाभागातल्या बेळगाव, खानापूर, निपाणी या पट्ट्यातल्या मराठी घरात मात्र हे सारे एकाच मोबाइलवर येऊन पडते आणि तिथे त्याचा मेळ बसत नाही, कारण या घरात राजकारणाच्या बातम्या मुंबईहून येतात आणि सरकार बेंगळूरहून चालते. अभ्यासण्याजोगे काही असेल तर ते हेच आहे, आणि मोठी सर्वेक्षणे आज ज्या रीतीने आखली जातात त्या रीतीत ते दिसण्याची सोयच ठेवलेली नाही, असे माझे मत आहे.

महाराष्ट्राने 2024 मध्ये लाडकी बहीण योजना आणली तेव्हा महिना 1,500 रुपयांचे 2,100 होणार की नाही, कोणते अर्ज बाद होणार, कोणता नेता काय म्हणाला, याची चर्चा आमच्याकडच्या स्वयंपाकघरांतही महिनोन्‌महिने चालली होती. ज्या बायका ही चर्चा करत होत्या त्यांना त्या योजनेचा एक रुपयाही मिळणार नव्हता. त्यांना मिळतात ते कर्नाटकाच्या गृहलक्ष्मी योजनेचे महिना 2,000 रुपये. ही योजना ऑगस्ट 2023 मध्ये सुरू झाली. तिच्यासाठी रेशनकार्डावर कुटुंबप्रमुख म्हणून बाईचे नाव लागते, बँक खाते आधारशी जोडलेले असावे लागते, आणि ती स्वतः किंवा तिचा नवरा आयकर भरत असेल किंवा जीएसटी विवरणपत्र भरत असेल तर तिला लाभ मिळत नाही. मात्र हप्ता अडकला की तो का अडकला हे सांगणारा निवेदक टीव्हीवर कुठेच नसतो. मग ती बाई ‘ग्राम वन’ (Grama One) या गावातल्या सरकारी सेवा केंद्रात जाते आणि तिथला मुलगा पडद्याकडे पाहून जे सांगेल तेच तिच्यासाठी शासनाचे म्हणणे ठरते. शेजारच्या राज्याच्या राजकारणाविषयी इतके आणि स्वतःच्या सरकारविषयी इतके कमी ठाऊक असणाऱ्या नागरिकाला राजकीय संवादाच्या भाषेत काय म्हणायचे? त्याला ‘माहितीने संपन्न’ म्हणणे जितके चूक, तितकेच ‘माहितीपासून वंचित’ म्हणणेही चूक ठरेल.

आता सर्वेक्षणांकडे पाहू. ऑक्सफर्डच्या रॉयटर्स इन्स्टिट्यूटचा डिजिटल न्यूज रिपोर्ट 2012 पासून निघतो आणि 2021 पासून त्यात भारत आहे. भारतातला नमुना मुख्यतः इंग्रजी येणाऱ्या, ऑनलाइन बातम्या वाचणाऱ्या लोकांचा आहे आणि तो देशाचे प्रतिनिधित्व करत नाही, असे ती संस्था स्वतःच सांगते. दोष संस्थेचा नाही. तो अहवाल उद्धृत करताना ही सूचना गाळून ‘भारतीय वाचक असा वागतो’ असे लिहिणाऱ्यांचा आहे, आणि त्यांत प्राध्यापक मंडळीही कमी नाहीत. टीव्हीचे मापन राज्यवार बाजारपेठा धरून चालते, त्यामुळे मुंबईच्या वाहिन्या पाहणारे बेळगावचे घर कर्नाटकाच्या हिशेबात जाते. निवडणुकीनंतरच्या सर्वेक्षणांत राज्याचा नमुना काही हजारांचा असतो, त्यातून सीमाभागातल्या मराठी मतदाराच्या वाट्याला इतकी थोडी माणसे येतात की त्यांच्यावरून काहीही म्हणता येऊ नये. त्यात पुन्हा खानापूर तालुका बेळगाव जिल्ह्यात असला तरी लोकसभेला तो उत्तर कन्नड मतदारसंघात जातो. म्हणजे जिल्हा धरून हिशेब केला तर एक चित्र निघते आणि मतदारसंघ धरला तर दुसरेच.

नमुन्याइतकाच प्रश्नांचाही दोष आहे. ‘आपण वर्तमानपत्र वाचता का?’ असे विचारले तर खेड्यातली बाई नाही म्हणेल, आणि ते खरेही असेल. पण तिच्या स्त्रीशक्ती संघाच्या (बचत गटाच्या) व्हॉट्सअॅप गटावर रोज सकाळी स्थानिक मराठी दैनिकातल्या कात्रणाचा फोटो येतो, त्यात रेशनकार्ड दुरुस्तीची मुदत असते, आणि ती तो फोटो मोठा करून अक्षर न्‌ अक्षर वाचते. ही वाचक आहे की नाही? 1940 च्या अमेरिकी अध्यक्षीय निवडणुकीच्या वेळी समाजशास्त्रज्ञ पॉल लाझार्सफेल्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ओहायो राज्यातल्या एरी काउंटीत त्याच त्या माणसांच्या पुन्हा पुन्हा मुलाखती घेतल्या. माध्यमांचा मजकूर पुष्कळांपर्यंत थेट पोहोचत नाही, तो आधी जाणत्या माणसांकडे जातो आणि त्यांच्या तोंडून इतरांकडे, हा विचार त्या अभ्यासातून पुढे आला. संशोधनाने तो नंतर पुष्कळ तासून घेतला, तरी आमच्याकडे तो अजून उपयोगाचा आहे. फरक इतकाच की इथला जाणता माणूस एका भाषेतून दुसऱ्या भाषेतही नेऊन देतो. तो ‘ग्राम वन’चा चालक असेल, कन्नड शाळेत शिकलेली घरातली मुलगी असेल, किंवा दैनिकाचा तालुका बातमीदार असेल.

या बातमीदारांच्या कामाला मोल द्यायला आपण कमी पडतो. तहसीलदार कचेरीतला कन्नड आदेश, कर्नाटक सरकारच्या सेवासिंधू या ऑनलाइन सेवांच्या पोर्टलवरचा बदल, पंचायतीच्या पीडीओने (पंचायत विकास अधिकाऱ्याने) लावलेली नोटीस, हे सारे संध्याकाळपर्यंत मराठीत उतरवून दुसऱ्या दिवशी सकाळी घरोघर पोहोचवणे हे डिजिटल प्रशासनाचेच काम आहे, फक्त त्याचा खर्च वाचक अंकाची किंमत देऊन भागवतो.

डिजिटल प्रशासनाच्या अभ्यासात कर्नाटकाचे नाव मोठे आहे, आणि ते रास्तही आहे. 2000 च्या आसपास ‘भूमी’ प्रकल्पाने सुमारे दोन कोटी जमीन उतारे संगणकावर आणले आणि 15 रुपये भरून तालुक्याच्या ठिकाणी उतारा मिळू लागला. वेळ किती वाचला, लाच किती कमी झाली, याची मोजदाद झाली. पुढे 2007 मध्ये संशोधक सॉलोमन बेंजामिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उलट बाजू मांडली: नोंदी तालुक्याच्या पातळीवर एकवटल्याने बेंगळूरच्या परिसरात मोठ्या जमीनखरेदीदारांचे फावले. दोन्ही बाजूंचे हे काम वाचण्यासारखे आहे. पण हातात आलेला कन्नड उतारा मराठी शेतकऱ्याला कोण वाचून दाखवतो, आणि तो वाचून दाखवणारा काय घेतो, हा प्रश्न त्या चर्चेच्या मध्यभागी कधी आला नाही. संयुक्त राष्ट्रांचा ई-प्रशासन निर्देशांक ऑनलाइन सेवा, दूरसंचार आणि मानवी भांडवल या तीन घटकांवर उभा आहे. अर्ज भरणाऱ्याने तो स्वतः भरला की दुसऱ्याकडून भरून घेतला, हे त्यातून कळत नाही.

भाषिक अल्पसंख्याकांसाठी 1956 मध्ये जी संरक्षणे ठरली, त्यांत जिल्हा, तालुका किंवा नगरपालिका क्षेत्रात 15 ते 20 टक्के लोक एखादी भाषा बोलत असतील तर महत्त्वाच्या सरकारी सूचना त्या भाषेतही प्रसिद्ध कराव्यात, अशी तरतूद होती. 2011 च्या जनगणनेनुसार बेळगाव जिल्ह्यात मराठी भाषकांचे प्रमाण 18 ते 19 टक्के आहे. मराठी परिपत्रकांची मागणी त्यामुळे जुनी आणि साधार आहे. पण आपण ती वर्षानुवर्षे अस्मितेच्या भाषेत मांडत आलो, आणि तिला उत्तरही अस्मितेच्याच भाषेत मिळत गेले. कन्नडमधल्या पोर्टलमुळे किती अर्ज चुकतात, किती हेलपाटे होतात, किती हप्ते बुडतात, याचे मोजमाप समोर ठेवले असते तर निदान अधिकाऱ्यांशी बोलण्याची पातळी बदलली असती. 2004 पासून सर्वोच्च न्यायालयात असलेल्या महाराष्ट्र-कर्नाटक सीमावादाच्या दाव्याचा निकाल काहीही लागो, कुठल्या तरी सरकारचा अर्ज तोपर्यंत आणि त्यानंतरही भरावाच लागणार आहे.

असा अभ्यास फक्त आमच्या बाजूने केला तर त्यावर लगेच शिक्का बसेल, म्हणून तो दोन्हीकडे व्हावा. महाराष्ट्रातल्या जत आणि अक्कलकोट तालुक्यांत कन्नड बोलणारी गावे आहेत. त्यांचे सरकार मुंबईत आहे, ‘आपले सरकार’ पोर्टल आणि सातबारा त्यांच्यासमोर मराठीत येतो. बेळगावचे राणी चन्नम्मा विद्यापीठ आणि कोल्हापूरचे शिवाजी विद्यापीठ यांनी मिळून एकच प्रश्नावली दोन्ही भाषांत करावी, खानापुरातली काही गावे आणि जतमधली काही गावे घ्यावीत, आणि प्रत्येक घरात तीन गोष्टी विचाराव्यात: काल पाहिलेली राजकारणाची बातमी कोणत्या राज्याची होती, सरकारकडे केलेला शेवटचा अर्ज कोणी भरला, आणि त्यासाठी त्याला किती पैसे दिले. क्षेत्रकार्यासाठी मराठी आणि कन्नड दोन्ही सफाईने बोलणारे विद्यार्थी या पट्ट्यात शोधावे लागत नाहीत, बेळगावातल्या कोणत्याही महाविद्यालयाच्या वर्गात ते बसलेले आहेत.